गेलेल्यांच्या वाटचे सूर

पितळ घासायच्या पॉलिशचा वास आला की मला कल्याणच्या रेल्वे कॉलनीतला हॉल आठवतो. तेव्हा आम्ही दिव्याला एका खोलीत सहा जण राहायचो, पाणी दिवसाआड यायचं, आणि रेल्वेच्या इंजिन शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले बाबा दर रविवारी त्या हॉलमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कागदावरचं सुरांचं नोटेशन घडाघडा वाचायचे. एका गोव्याच्या मास्तरांनी शिकवलेलं. चौदा जणांच्या त्या नाचाची गाणी वाजवणाऱ्या हौशी स्विंग बँडमधले पाचच उरलेले, सगळे थकलेले. त्यांची रीत अशी, की गेलेल्याची खुर्ची मांडायची आणि त्याच्या वाटचे सूर कुणी वाजवायचे नाहीत. त्यामुळे मधेच सगळं थांबायचं आणि ड्रम एकटाच चालत राहायचा. शेवटी हॉलचे सेक्रेटरी म्हणाले, यंदा नाताळच्या नाचाला कॅसेटच लावू. बाबांनी नोटेशनचे जुने कागद माझ्यापुढे ठेवले. "गेलेल्यांचे सूर आम्हा पाच जणांत वाटून लिही गं, मी सांगतो तसे." ड्रमवाले काका चिडले, "मेलेल्याचं वाजवणार? लाज वाटू दे रे." बाबा दमून खुर्चीत बसले. "अरे, सॅक्सोफोनवाला जिवंतपणी तरी कधी वेळेवर आलेला? आता निदान त्याचे सूर वेळेवर येतील." काका हसले नाहीत, पण त्यांनी काठ्या उचलल्या. मी आठवडाभर ते सुरांचे ठिपके उतरवत बसले. त्या नाताळात पाच म्हाताऱ्यांनी धापा टाकत चौदा जणांचं वाजवलं आणि लोक नाचले. पुढे मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. पण माझं लिहिणं कुणाच्या कामी आलं ते आधी तिथेच.