रांजणातली किल्ली

आमच्या घरातली बंदूक इतकी सुरक्षित होती, की शेवटी ती आम्हालाही मिळेना.

बंदूक आजोबांच्या काळची, दुनळी, परवान्याची. रानडुकरांसाठी घेतलेली, पण दसऱ्याला पुसून हळदीकुंकू लावायचं, यापलीकडे तिला काम नव्हतं. माझे वडील, आबा, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. पाणी घातलेलं दूध चारचौघांत परत करणारा माणूस! बंदूक सांभाळायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं आणि मी ते मनावर घेतलं. (मी काही मनावर घेतलं की आई देवापुढे दिवा लावते.) बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं आईच्या ट्रंकेत कुलपात आणि कपाटाची किल्ली अशा जागी, की चोराच्या बापालाही सापडू नये.

एका दुष्काळात विधानसभेची निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. आबांना तो शेवटच्या दिवशी, जेवून हात धुताना आठवला. पाचपर्यंत पाटोद्याच्या ठाण्यात पोचलो नाही, तर आजोबांचा परवाना रद्द!

"किल्ली आन," आबा म्हणाले.

"रांजणात हाय."

"रांजणात?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "कावून?"

"तीन महिने कोरडा व्हता. कोरड्या रांजणात कोण बघतंय?"

"आरं, आज टँकर आला! सकाळीच काठोकाठ भरला म्या!"

आबांनी डोळे मिटले. "दुसरी किल्ली?"

"ती लई सुरक्षित हाय, आबा. कपाटात."

"कोणच्या कपाटात?"

"…बंदुकीच्या."

रांजण कमरेइतका जमिनीत पुरलेला, त्यामुळे कलंडता येईना. मी बाही वर सारली, तर आईनं मनगटच धरलं. "प्यायचं पाणी हाय ते! गोठ्यातला हात घालतो व्हय? आन थेंब सांडला तर बघ. बंदूक गेली तरी चालंल मला."

पाणी दुसऱ्या भांड्यात काढावं म्हटलं, तर रिकामं भांडं होतं कुठं? तीन महिन्यांत पहिल्यांदाच टँकर आलेला. हंडे, कळश्या, परात, आबांचा दाढीचा मगसुद्धा भरलेला! शेजारीपाजारी तीच गत. घड्याळात साडेतीन झाले. आबांचा चेहरा पाहवेना. बापाची एकच निशाणी त्यांच्याकडे उरली होती, आणि ती मी घालवायला निघालो होतो.

मग माझं डोकं चाललं. (दिवा लावायला आईला वेळच मिळाला नाही.) दुष्काळामुळे दूध निम्म्यावर आलेलं, संस्थेत रिकामे कॅन पडून होते. मी मोटारसायकलवरून दोन खेपांत सहा आणले, ओट्यावर मांडले, आणि मी तांब्यानं पाणी काढतोय, आबा कॅनात ओततायत, असं काम सुरू झालं.

नेमकी तीच संध्याकाळचं दूध घेऊन लोक निघायची वेळ. पुढे बाबूराव. मागच्याच आठवड्यात आबांनी त्याचं दूध परत केलेलं.

बाबूराव थांबला. मागचे दहा-बारा जण थांबले. संस्थेचे कॅन, चेअरमनचं घर, चेअरमनचा हात आणि पाण्याची धार, असं सगळं त्यांनी सावकाश पाहून घेतलं.

"चेअरमन, घरूनच भरून नेताव व्हय?"

"आरं बाबू, किल्ली काढतोय, किल्ली!"

"कशाची?"

"बंदुकीची!"

बाबूरावनं हात जोडले आणि दोन पावलं मागं सरकला. "ऱ्हाऊ द्या, आबा. बंदूक कावून काढताव? आमी कुठं काय म्हणलो?"

चौथ्या कॅनाला किल्ली हाती लागली. पाचला दहा कमी असताना बंदूक ठाण्यात जमा झाली आणि परवाना वाचला.

दोन महिन्यांनी संस्थेची निवडणूक झाली आणि बाबूराव चेअरमन झाला. प्रचारात त्यानं भाषण केलंच नाही. नुसता पाण्यानं भरलेला कॅन बैलगाडीवर ठेवून गावभर फिरवला.

तीन पिढ्यांत त्या बंदुकीनं डुक्कर सोडा, चिमणीसुद्धा टिपली नाही. तिच्या नावावर शिकार एकच, आमचे आबा. आणि नेम माझा.