शनिवारची खुर्ची आणि आण्णांचे हात

विट्याजवळच्या आमच्या गावातून, प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. "मॅडम, जुन्या गुरुजींची शनिवारची खुर्ची आम्ही पुन्हा सुरू केलीय. या शनिवारी तुम्ही या. गावातली पहिली इंजिनिअर मुलगी म्हणून." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या खुर्चीपायी मी केलेली एक गोष्ट छत्तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

शुक्रवारी दुपारी साताऱ्याहून निघालो, मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. "शाळेत माझा कार्यक्रम आहे, सोबतीला चला," एवढंच त्यांना सांगितलं. पोरांसाठी दोन किलो कंदी पेढे घेतले. तुम्हाला जायचं असेल तर हायवेनं कराड गाठा आणि तिथून डावीकडे विट्याच्या रस्त्याला लागा. शंभरेक किलोमीटर होतात, पण हायवेचं काम चालू आहे, तेव्हा तीन तास धरा. गाडीला बाराशेचं पेट्रोल येऊन-जाऊन पुरलं.

माझ्या लहानपणी कडेगाव ओलांडलं की नुसती कुसळं दिसायची. आता कालवा आलाय, दुतर्फा ऊस उभा आहे. मी पाटबंधारे खात्यात, त्यामुळे आण्णांना चेष्टा करायची संधीच मिळाली.

"तुज्या खात्याचं पाणी व्हय हे?"

"व्हय."

"मग दोन वर्सं उशिरा आलं आसंल."

विट्यात स्टँडजवळ बरे लॉज आहेत. आम्ही चुलतभावाकडे उतरलो. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा. जेवताना माझं लक्ष आण्णांच्या हातांकडे जात होतं.

आण्णांनी तीस वर्षं तामिळनाडूत गलाईचं काम केलं. जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं. आमच्या भागातल्या घराघरातला माणूस याच धंद्यात. वर्षातून एकदा, जत्रेला ते घरी यायचे. बोटं काळी-पिवळी, नखं तेजाबानं खाल्लेली, मनगटापर्यंत भाजल्याचे वण.

मी चौथीत होते. गुरुजींची पद्धत अशी, की थोरामोठ्यांच्या तसबिरी भिंतीवर राहू देत, दर शनिवारी एका मुलानं आपल्याला ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं असं गावातलं माणूस आणून खुर्चीवर बसवायचं. माझी पाळी नेमकी जत्रेच्या आठवड्यात आली. आण्णांनी पहाटे न्हाणीत बसून लिंबाच्या फोडीनं हात घासले, पांढरा सदरा घातला, टोपी घातली. मी म्हटलं, "आण्णा, तुमी नगा येऊ. तुमचं हात बघून पोरं हसत्याल."

"बरं," म्हणाले आणि टोपी खुंटीला लावली. मी शेजारच्या सुभेदार काकांना वर्दीत घेऊन गेले. टाळ्या लय पडल्या. आण्णांनी तो विषय परत कधीच काढला नाही.

शनिवारी सकाळची शाळा. इमारत नवी आहे, पण पटांगणातला कडुनिंब तोच आणि खुर्चीही तीच, एका पायाला तारेचा वेढा घातलेली. मुख्याध्यापिकांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले आणि मुलांना वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. मग म्हटलं, "तेव्हा ज्यांना आणायला हवं होतं, त्यांना आज आणलंय."

आण्णा मागच्या बाकावरून म्हणाले, "आगं, मी काय बोलणार?" पण उठले. खुर्चीवर बसले आणि हात मांड्यांवर पालथे ठेवले.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमी कवा त्यातलं सोनं ठिवून घेतलं न्हाई व्हय?"

मुख्याध्यापिका दचकल्या. आण्णा हसले. "कुणाला कळलं नसतं बघ. नखात ऱ्हायलं तरी सोनंच की. म्हणून काम सुटलं की आमी दुकानातल्याच पिपात हात धुवायचो, आन् तितंच झटकायचो. त्या पाण्यातनं कण परत निघायचं. मालक आसू दे, नसू दे."

"बघायला कुणी नसलं तरी?"

"बघायला मी हुतो की."

सुट्टीत खिचडी खाऊन मुलं नळावर गेली. चार-पाच जण बादलीवर हात धरून तीन-तीनदा झटकत होते. आण्णा पेढा खात बघत होते.

परतीच्या वाटेवर मला माफी मागायची होती. कराडपर्यंत जमलं नाही. पुढे आण्णांना झोप लागली.

साताऱ्याला घरी येऊन त्यांची पिशवी उपसली. धोतर, औषधं, आणि तळाशी कागदात गुंडाळलेली लिंबाची अर्धी फोड, घासून चोथा झालेली. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. डाग केव्हाच गेलेत, उरलेत ते वण, आणि ते लिंबानं जात नाहीत.

मी फोड घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "आण्णा, खुर्चीवर बसवणार हे तुमाला कुणी सांगितलं हुतं?"

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "पर शाळंत जायचं हुतं न्हवं. म्हटलं, ह्या बारीला बोलवलंस तर?"