कॉम्प्युटरच्या पोटातली कच्ची वही

बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने बारा वेळा पुसून पुन्हा हजर झालेला माणूस एकच, आणि तो माझा थोरला साडू आहे, हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगतो. बसवकल्याणच्या हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. कच्च्या वहीत केल्याशिवाय पक्क्या वहीला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा, आणि घरीही तोच. किराणा सामानाची यादीसुद्धा आधी कच्ची, मग पक्की. लग्नपत्रिकांवरचे पत्ते आधी पेन्सिलीने लिहून ते मला तपासायला देत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या, ऑपरेशनला रक्त लागलं. साडू दिवसभर डायरी घेऊन दारोदार फिरले. रक्त मिळालं, पण उशीर झाला होता. अक्का गेल्या. महिन्याभराने साडू मला म्हणाले, "आता तालुक्यात दुसरं कुणी असं फिरायचं न्हाई." आणि अडुसष्टाव्या वर्षी, स्वतःचं रक्त आता कुणी घेत नाही म्हणून, रक्तदात्यांची यादी इंटरनेटवर टाकायला ते कॉम्प्युटर शिकू लागले.

थेट इंटरनेटवर हात घालतील तर ते साडू कसले! त्यांनी आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता भासाचा कॉम्प्युटर बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्यात सर्व्हर, त्यातच डेटाबेस. "चूक करायची ती घरात. लोकांच्या दारात कामून?" आठवडाभर आतला सर्व्हर मजेत चालू आणि बाहेर पान कोरं. शेवटी कळलं, आतून बाहेर यायची वाटच त्यांनी उघडली नव्हती. पान दिसलं त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं, नातू झाला.

चाचणीला खोटी नावं टाका, असं मी सुचवलं. "खोट्या माणसाचं रक्त कुणाला चढवायचं, राव?" म्हणत ते पिशवी घेऊन निघाले आणि घरोघरी चहा पीत, विचारून विचारून खऱ्या माणसांची नावं आणि रक्तगट घेऊन आले. नाव पुसायची चाचणी आली तेव्हा मात्र अडले. "जित्या माणसाचं नाव पुसू व्हय? मला न्हाई जमायचं." मग यादीत स्वतःलाच घातलं आणि स्वतःलाच पुसलं. आधी मशीनची होती तशी प्रत जपून ठेवायची, पुसायचं, जुनी प्रत उघडून परत यायचं. बाराव्यांदा परत आल्यावर त्यांनी चहा मागितला.

गेल्या महिन्यात यादी खरोखर इंटरनेटवर गेली. मी त्यांच्याकडेच होतो, तेव्हा खजुरीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याच्या बहिणीला बाळंतपणात रक्त लागलं होतं, यादीतल्या दोघांनी तासाभरात येऊन दिलं, बाळ-बाळंतीण सुखरूप होती. साडूंनी एवढंच विचारलं, "जेवली का ती?"

"जेवली, सर."

त्यांनी फोन ठेवला. मला तर सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"तासाभरात मिळालं म्हणायलाय," साडू म्हणाले. "तिच्या वेळी आपला दिवस गेला, न्हाई का?"

मी व्हय म्हणालो, आणि त्यांच्याजवळ बसून राहिलो.