सपना खाली बसली तेव्हा

सपना वाघचौरे नाहूरला राहायची, स्टेशनच्या पश्चिमेला एका सात मजली इमारतीत. वडील भाऊराव मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीन चालवायचे, आई मीरा बालवाडीत मदतनीस होती. घरात कुणी कधी बॉलला पाय लावला नव्हता. सपना मात्र बिल्डिंगमधल्या पोरांबरोबर खेळत मोठी झाली आणि मुलुंडच्या कॉलेजात गेली तशी पहिल्याच आठवड्यात मुलींच्या फुटबॉल टीममध्ये नाव देऊन आली. अंगानं दणकट, आवाज खणखणीत. बचावात मधोमध उभी राहायची. उंचावरून आलेला बॉल डोक्यावर घ्यायची वेळ आली की बाकीच्या मुली डोळे मिटायच्या. ही टक्क उघडे ठेवायची.

ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा टीम पहिल्यांदा जिंकायला लागली. त्याआधी त्यांना कुणी मोजतच नसे. कॅप्टन श्रुतिका तिची जिवलग मैत्रीण. सराव घ्यायला विद्याधर सर. मुली जेमतेम बारा, त्यातल्या एकीचा गुडघा सुजलेला. म्हणजे बदली खेळाडू अशी कुणी नव्हतीच.

ऑगस्टमध्ये आंतरकॉलेज स्पर्धेतला एक सामना गोरेगावला होता. एका कॉर्नरला सपना आणि समोरच्या टीमची एक मुलगी एकदमच उडाल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. त्या मुलीची भुवई फुटली, तिला रिक्षात घालून टाके घालायला नेलं. सपनाला ओरखडासुद्धा नव्हता. ती उठली, केस बांधले आणि शेवटपर्यंत खेळली. टीम जिंकली.

परत येताना आरेच्या जंगलातून जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीला टेकून गप्प बसली होती. बाकीच्या गाणी म्हणत होत्या. सर गोरेगावहूनच परस्पर घरी गेले होते. मधेच तिनं श्रुतिकाला विचारलं की आपण कुठं चाललोय. श्रुतिकाला वाटलं, मस्करी करतेय. थोड्या वेळानं तिनं तेच पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, जणू आधी विचारलंच नव्हतं. मग बस थांबवून तिला उतरावं लागलं. दोन्ही बाजूंना गच्च झाडी, अंधारून आलेलं. रस्त्याच्या कडेला वाकून ती ओकत होती आणि श्रुतिका तिची पाठ चोळत होती.

"वडापाव बाधला," सपना म्हणाली. "सरांना सांगू नको हां."

त्यानंतर डोकं दुखायला लागलं ते थांबेना. सपना दिवसा खोलीचे पडदे ओढून घ्यायची. मीरानं ट्यूबलाइट लावली की चिडायची, मग मीराही तिला रागवायची. वर्गात बसल्या बसल्या झोपायची. एकदा डाळीत दोनदा मीठ घातलं, एकदा गॅस तसाच सोडून कॉलेजला निघून गेली. मीरा तिला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सपनानं त्यांना सांगितलं, रात्री जागून अभ्यास करते. डोक्याला लागल्याचं अक्षरही काढलं नाही, आणि मीराला ते ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोळे तपासून घ्या म्हणाले. भाऊरावांनी चष्मा करून आणला.

टीम जिंकतच होती. कॉलेजच्या फाटकाशी मुलींचे फोटो लागले. प्रिन्सिपॉल स्वतः सरावाला येऊन गेले. सप्टेंबरच्या शेवटी श्रुतिकाच्या लक्षात आलं की सपना पळताना डावा पाय किंचित ओढते. त्याच दिवशी सपनानं तिला दुसऱ्याच मुलीच्या नावानं हाक मारली, गेल्या वर्षी कॉलेज सोडून गेलेल्या. आणि आपण काय बोललो हे तिला कळलंही नाही.

श्रुतिका घाबरली आणि सरळ विद्याधर सरांकडे गेली. सरांनी सपनाला बोलावून समोर उभं केलं. आज वार कोणता, मागची मॅच कुणाशी होती, बोटं किती, सगळं विचारलं. सपनानं सगळी उत्तरं बरोबर दिली. डॉक्टरांना दाखवलंय, चष्म्याचा नंबर निघाला, असंही सांगितलं. सरांना एकदा सेमीफायनलची तारीख आठवली असेल, एकदा सुजलेल्या गुडघ्याची मुलगी. ते म्हणाले, ठीक आहे, पण त्रास झाला तर लगेच सांग.

बाहेर आल्यावर सपना श्रुतिकाशी बोलली नाही. सेमीफायनलपर्यंत बोललीच नाही.

सामना ऑक्टोबरमध्ये होता, घाटकोपरला, भर दुपारी. मैदान तापून पांढरं पडलं होतं. भाऊराव अर्धी रजा टाकून मीराला घेऊन आले होते. मुलीला खेळताना ते दोघं पहिल्यांदाच बघत होते. काय चाललंय ते नीट कळत नसलं तरी सपनानं बॉल मारला की भाऊराव टाळ्या वाजवायचे.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या एका मुलीनं जवळून बॉल मारला, तो सपनाच्या कानावर बसला. फार जोरात नाही. असे बॉल तिनं शेकड्यानं खाल्ले होते. ती उभी राहिली. डोकं हलवलं. मग आपल्या गोलच्या दिशेनं चार पावलं चालत गेली आणि खाली बसली. शांतपणे, अंगणात बसावं तशी. रेफ्रीला वाटलं, बुटाची नाडी बांधतेय. भाऊरावांनाही तेच वाटलं.

बॉल श्रुतिकाच्या पायात होता. तिनं तो तिथंच सोडला आणि सपनाकडे धावली. मागे समोरच्या टीमच्या मुलींनी तो घेऊन गोल केला, ओरडा झाला. श्रुतिका गुडघ्यावर बसली तेव्हा सपनाचे डोळे उघडेच होते, पण बघत कुठंच नव्हते.

"श्रुतिका," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "लाइट कुणी घालवली गं?"

तिच्यावर ऊन रणरणत होतं.

मग तिला फिटचा झटका आला. भाऊराव चप्पल मागेच टाकून मैदानात धावले. संध्याकाळी ऑपरेशन झालं. डोक्यात ऑगस्टपासून थोडं थोडं रक्त साचत होतं, असं डॉक्टर म्हणाले. आजचा बॉल नुसतं निमित्त. मीरानं ते ऐकलं आणि ट्यूबलाइटवरून सपनाला रागावल्याचं तिला आठवत राहिलं.

सपना वाचली. दिवाळी हॉस्पिटलात गेली. घरी आली तेव्हा डावा हात उचलत नव्हता आणि शब्द शोधून शोधून बोलावं लागत होतं. कॉलेजनं त्या दिवशीच सामना सोडला होता. विद्याधर सरांनी पुढं टीम घेतली नाही. ते घरी यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे. भाऊराव त्यांना चहा द्यायचे. एका शब्दानं कधी बोल लावला नाही. त्यामुळंच सरांना चहा संपवता यायचा नाही.

श्रुतिका दर रविवारी येते. सपना आता मटार सोलते, डाव्या हातात शेंग धरून, उजव्यानं. हाताला व्यायाम होतो म्हणून. एका रविवारी सोलता सोलता तीच बोलली.

"तू सांगितलंस ते बरोबर केलंस. मी... सगळ्यांना फसवलं. वार सुद्धा फोनमध्ये बघून गेले होते."

"का गं पण?"

सपना बराच वेळ शब्द शोधत राहिली. "जिंकत होतो ना आपण," ती म्हणाली.

राहिलेले पेपर तिनं दिले आणि ती पास झाली. पण झटके अजून येतात, महिना-दोन महिन्यांनी, काही कल्पना न देता. म्हणून मीरानं बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाकली आहे. सपना आत गेली की ती बाहेर उभी राहते, आणि पाण्याचा आवाज थांबला की हाक मारते.