देवापुढची कुऱ्हाड

डोंगरदेवाच्या दिवशी लाकूड फोडायचं नाही, हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी कुऱ्हाड घासूनपुसून देवापुढे मांडायची, तिला तांदळाच्या दारूचा नैवेद्य दाखवायचा. पण मित्सुएच्या घरात डोंगरदेवाहून कडक दैवत म्हणजे तिचा नवरा तोराकिची. देवळातून कुडकुडत आला आणि आंघोळीला कढत पाणी नसलं, तर घर डोक्यावर घेणार. आणि फोडलेलं लाकूड तर कालच संपलेलं!

तिने चोरून दोनच ओंडके फोडले. दुसऱ्या ओंडक्याच्या गाठीवर घाव बसला आणि धारेचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला. "बघितलं गं बाई देवानं!"

आता संध्याकाळी हीच कुऱ्हाड देवापुढे जायची, आणि त्याआधी तोराकिचीच्या हातात. तिने कानशीने दोन्ही अंगांनी हलक्या हाताने खाच घासून काढली, मग ओल्या दगडावर धार लावली.

तोराकिचीने आल्या आल्या धारेवरून अंगठा फिरवला.

"धार कुणी लावली?"

"मीच. म्हटलं, देवापुढे ठेवायची."

"वा! तीस वर्षांनी अक्कल आली म्हणायची," म्हणत तो न्हाणीत शिरला. मित्सुए मनात म्हणाली, सुटले एकदाची!

आतून खुशीत आवाज आला, "अगं ए, पाणी काय झकास तापलंय!"

मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मित्सुए... फोडलेली लाकडं तर कालच संपली होती ना गं?"