निळ्या उजेडातले ठिपके

"इनको दोबारा बैठाओ, नीली लाइट में एक जगह अलग दिख रही है," आतली नर्स दुसरीला हळूच म्हणाली. मी दाराशी फाइल धरून उभी होते, ते तिला दिसलं नसावं.

बाबांच्या घशाच्या कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशन, संपून तीन वर्षं झाली होती. दर काही महिन्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघायचा, हा घरचा नेमच झाला होता. माझ्या नाकाचा स्टुडिओ झाला आहे, असं बाबा म्हणत. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून फाइल माझ्याकडे.

आईला आणि मलाही आत बोलावलं. साध्या उजेडात स्क्रीनवर सगळं गुलाबी, गुळगुळीत. निळा उजेड लावला की एका कोपऱ्यात तपकिरी ठिपके. आधी मला डॉक्टरांचाच संशय आला. तिथे नसलेलं इथे कुठून आलं? ते समजावत होते, बारीक रक्तवाहिन्या या उजेडात उठून दिसतात. शेकामुळे असेल, नवा कॅन्सरही असेल. तुकडा काढला तर शेकलेल्या घशातली जखम लवकर भरत नाही, म्हणून तंबाखू खरंच सुटली असेल तर सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. नसेल, तर तुकडा आजच तपासायला काढू. मग त्यांनी सरळ विचारलं.

"तीन साल से हाथ नहीं लगाया," बाबा म्हणाले. आईने मान डोलावली.

बाबांच्या मते ते खरंच बोलत होते. खैनी त्यांनी सोडली होती. रोज सकाळी बोटाने हिरड्यांवर चोळतात तो गुडाखू, गुळात मळलेली तंबाखू, आमच्याकडे तंबाखूत धरतच नाहीत. ते मंजन. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून मीही कितीदा आणून दिलं होतं. डबीवर काय छापलंय ते वाचलं होतं, आणि गप्प बसले होते.

आईच्या चेहऱ्यावरून काही कळेना. गुडाखूत तंबाखू असते हे तिला ठाऊकच नव्हतं, की सहा आठवडे मिळाले म्हणून हायसं वाटलं होतं? तिने माझं मनगट जरा जोरातच धरलं. "चल ना, काहून उभी राहिली?"

डॉक्टर पुढची तारीख लिहायला लागले. बाबा उठले.

"डॉक्टर साहब," मी म्हणाले, "ये रोज गुड़ाखू करते हैं. आज सुबह भी किया है."