केळं खाणारं पान

कापडाचा तागा संपला की हातभर कटपीस उरतो. विकल्या जात नाही, फेकवतही नाही. आमच्या फुलपाखरू-मंडळीचे किस्से तसेच साचले आहेत. मंडळी म्हणजे फुलपाखरं पाहत हिंडणारे तिघं: रायपूरच्या तात्यापाऱ्यात साडीचं दुकान चालवणारा मी, रेल्वेतून रिटायर झालेले मेश्रामभाऊ आणि शहर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून आलेल्या, मंत्रालयातल्या कुलकर्णी मॅडम.

*

सुरुवात केशकालच्या घाटात झाली. खोडावर एक सुकं पान होतं. मधली शीर, देठ, बुरशीचे ठिपकेसुद्धा. फॉरेस्ट गार्डने बोट नेलं आणि पान उघडलं. आत गर्द निळा रंग, त्यावर नारिंगी पट्टा! मी जन्मभर कापड उलटून पाहत आलो. इथे सगळा माल आतल्या बाजूला.

मेश्रामभाऊ तेव्हा पाठ करून डबा उघडत होते. वळेपर्यंत ते उडालं. "एका भज्यापायी गेलं," म्हणाले. पुढचे सात पावसाळे ते हेच एक शोधत राहिले.

*

हे फुलपाखरू फुलांकडे ढुंकून पाहत नाही. त्याला झाडाचा पाझर नाहीतर सडकं फळ लागतं. म्हणून आम्ही केळी मोहाच्या दारूत तीन दिवस भिजवून नेतो.

एकदा नाक्यावर हवालदाराने डिक्की उघडली आणि नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, "साहब, ये तितलियों के लिए है."

त्याने आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. "तो उन्हीं को बुलाओ. थाने में वही बयान देंगी."

*

मॅडम एकदा पाऊण तास एका पानापुढे कॅमेरा धरून बसल्या. पान खरंच पान निघालं.

भाऊंनी धीर दिला, "मॅडम, तुम्ही तं फायलीसारखी वाट पाहून राहिल्या. फाईल तरी हालते कधी कधी."

*

मग भाऊच साधी पानं फुलपाखरू म्हणून दाखवू लागले. "हे पाय, शेठ!" एका दिवसात चारदा. आम्ही हसलो. पाचव्यांदा त्यांनी माझ्या टोपीकडे बोट केलं, तेव्हा हसू थांबलं.

मोतीबिंदू, त्यात शुगर. पावसाळा बुडेल म्हणून त्यांनी ऑपरेशन दोन वर्षं टाळलं होतं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा शाबूत आहे की नाही ते पट्टी काढल्यावरच कळेल.

पट्टी सुटली तेव्हा त्यांच्या बायको, शोभावहिनी, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. भाऊंनी समोरच्या तक्त्याकडे पाहिलंच नाही. "डॉक्टरसाहेब, तुमच्या बाहीवर वरणाचा डाग हाय."

वहिनी तिथेच स्टुलावर बसल्या. "आता घरची जळमटं बी दिसतीन यायले," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत हसत राहिल्या.

*

गेल्या पावसाळ्यात पुन्हा केशकाल. वहिनींची ताकीद होती: काळा चष्मा काढायचा नाही, गाडीतून उतरायचं नाही. गाडी त्याच खोडासमोर लावली. खोडाला केळी फासून मी आणि मॅडम दुर्बिणी घेऊन दोन तास उभे. काही नाही. शेवटी कंटाळून मॅडमनी डबा उघडला. मी भाऊंसमोर धरला.

"मले भजं नको, शेठ."

"काहून?"

"ते पान केळं खाऊन राहिलं."